गुडघे धरले म्हणजे

आपल्या भाषेने गुडघ्याला फारसा मान दिलेला नाही. मूर्खाची अक्कल गुडघ्यात असते, लग्नाला उतावळा झालेला नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो आणि ज्याने हार मानली तो गुडघे टेकतो. खुब्याची तर याहून उपेक्षा. कवींनी डोळ्यांवर लिहिले, पावलांवरही लिहिले. पण ज्याच्या जोरावर ते पाऊल उचलते त्या खुब्यावर कोणी दोन ओळी खर्च केल्याचे मला तरी आठवत नाही. मी मराठीचा अध्यापक, वैद्य नव्हे. तेव्हा येथे जे सांगणार आहे ते काही वाचलेले, काही जाणत्या डॉक्टरांना विचारून घेतलेले आणि बरेचसे आजूबाजूला पाहिलेले आहे, एवढे प्रथमच सांगून टाकतो.

आमचा शाहूवाडी तालुका म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याची डोंगराळ पश्चिम बाजू. वारणा, कडवी आणि कासारी या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेली गावे, डोंगरमाथ्यावरचे धनगरवाडे आणि आंबा घाट उतरला की पलीकडे कोकण. सपाट जमीन येथे थोडी. घरातून निघालेला माणूस एकतर चढत असतो नाहीतर उतरत असतो. पावसाळ्यात भाताची लावणी आली म्हणजे बाया दिवसचे दिवस गुडघाभर चिखलात कमरेत वाकून उभ्या असतात. उन्हाळ्यात डोईवर लाकडाची मोळी घेऊन तोच डोंगर उतरतात. याच मुलखातून १६६० सालच्या जुलैत, भर पावसात, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे रात्रीतून माणसे धावली आणि गजापूरच्या खिंडीत बाजीप्रभू पडले. आजही पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड अशी पायी मोहीम निघते. हौशी पोरे दोन दिवस चालतात आणि घरी जाऊन चार दिवस गुडघे शेकतात. पण वाटेवरच्या वाडीतली म्हातारी ती वाट जन्मभर चालत आलेली असते, आणि तिच्या गुडघ्यांची बातमी कोठे छापून येत नाही.

तुम्हाला या दुखण्याचा अंदाज घ्यायचा असेल तर मलकापूरच्या एस.टी. स्टँडवर बाजाराच्या दिवशी अर्धा तास उभे राहा. गाडीची पहिली पायरी जमिनीपासून चांगली उंच असते. ती चढताना साठी उलटलेल्या बाया काय करतात ते पाहा. एक हात दांडीला, दुसरा हात स्वतःच्या मांडीवर दाबलेला, तोंडाने ‘अगं आई गं’, आणि मागून कोणीतरी लोटणारे. एखादी सरळ हातांनीच पायरी धरते. आपण विचारले तर उत्तर ठरलेले: “गुडघं धरल्यात बाबा, वय झालं आता.” वय झाले म्हणजे गुडघे धरायचेच, असे सगळ्यांनी जणू मान्य करून टाकले आहे. माझा आक्षेप आहे तो या मान्य करण्याला.

आधी आत काय बिघडते ते थोडक्यात पाहू. मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीच्या हाडाचे वरचे टोक आणि पुढे वाटी, असा हा सांधा. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा पांढरा, गुळगुळीत थर असतो आणि मध्ये वंगणासारखे पाणी. निसर्गाने केलेले हे काम इतके सफाईचे आहे की बर्फावर बर्फ घासला तरी निरोगी सांध्यापेक्षा अधिक घर्षण होईल. मात्र या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. त्यामुळे कातडीची जखम भरते, मोडलेले हाड जुळते, पण झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. तिच्यात वेदना कळवणारे तंतूही नाहीत. म्हणून झीज सुरू झाल्याची वर्दी वेळेवर मिळत नाही. दुखू लागते ते भोवतालचे अस्तर सुजल्यावर आणि खालचे हाड उघडे पडू लागल्यावर. आपल्याकडे ही झीज बहुधा गुडघ्याच्या आतल्या बाजूस जास्त होते. मग पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात आणि चाल बदकासारखी होते.

खुबा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. त्याचे दुखणे फसवे असते. ते पुष्कळदा जांघेत जाणवते आणि कधी कधी चक्क गुडघ्यात. गुडघ्याचे फोटो काढून काढून थकलेल्या माणसाचा दोष शेवटी खुब्यात सापडतो, असे डॉक्टर सांगतात. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडू लागले तर खुबाही तपासून घ्यावा, कारण हाडाचा क्षय आपल्या देशातून अजून गेलेला नाही आणि त्याला खुब्याची जागा आवडते.

हे दुखणे खेड्यात किती, याचा अंदाज बांधण्याचा एक चांगला प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात झाला आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांची विचारपूस केली. शंभरातल्या सुमारे अठरा जणांना हाडे, सांधे अगर स्नायू यांचे काही ना काही दुखणे निघाले. ज्याला आपण आमवात म्हणतो, तो सांधे सुजवून वाकडे करणारा रोग दोनशेत एकाच्या आसपास होता. झिजेचा संधिवात त्याच्या कितीतरी पट. ही दोन दुखणी वेगळी आहेत हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आमवातात सकाळी बोटे, मनगटे तास-तासभर आखडलेली राहतात, दोन्ही बाजूंचे सांधे सुजतात, आणि त्याला वेळेवर औषध मिळाले तर सांधे वाचतात. तेथे ‘वय झालं’ म्हणून बसून राहणे म्हणजे हात-पाय आपण होऊन गमावणे.

जाता जाता एक हकीकत. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हंडिगोडू नावाचे गाव आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील गरीब शेतमजुरांत ऐन तारुण्यात खुबे आणि गुडघे निकामी होऊ लागले. मुलूख आमच्यासारखाच, पावसाचा आणि भाताचा. लोकांनी म्हटले, शेतात औषध मारतात, तेथले खेकडे खाल्ल्याने हे होते. संशोधकांनीही प्रथम तो संशय घेतला. पुढे तपास खोलवर गेला तेव्हा तो काही कुटुंबांत वंशपरंपरेने उतरणारा हाडांचा दोष आहे असे दिसून आले. आमच्याकडेही लावणीच्या दिवसांत खेकड्यांचा रस्सा घरोघर शिजतो. त्याने खुबे जात नाहीत, हे सांगण्यास मला विशेष आनंद होतो.

आता उपायांकडे वळू. पहिली गोष्ट, सगळ्याच दुखऱ्या गुडघ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. बहुतेकांना लागत नाही. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो, जिना किंवा चढ चढताना त्याहून अधिक. म्हणून अंगावरचे एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो. दुसरा आधार म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंचा. भिंतीला टेकून पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती गुडघ्याने खाली दाबून पाच-दहा अंक मोजावेत. असे दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ, निदान तीन महिने. यात औषध नाही, पैसा नाही. म्हणूनच कदाचित कोणी करीत नाही. “आम्ही काय कमी राबतो, आणि आणखी व्यायाम?” असे शेतातल्या बाया विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु राबताना सांधा झिजतो आणि या व्यायामात स्नायू तयार होतो, हा फरक त्यांना कोणी समजावून दिलेला नसतो.

बसण्याच्या सवयीही बदलाव्या लागतात. उकिडवे बसून धुणे, भांडी, चूल. मांडी घालून जेवण. आणि दिवसातून एकदा तरी उकिडव्याचा शौचकूप. या सगळ्यांत गुडघा पुरता दुमडतो आणि त्याच्यावरचा दाब सर्वांत वाढतो. धुण्याचा दगड कमरेएवढा उंच करणे, ओट्यावर स्वयंपाक आणणे, शौचकूपावर ठेवायची बैठकीची खुर्ची घेणे, हे शंभर-दोनशे फार तर हजार-दोन हजार रुपयांचे काम. घरात मोटारसायकल येते, भिंतीएवढा टी.व्ही. येतो, आणि आईच्या बैठकीच्या खुर्चीचा विषय दिवाळीनंतर पाहू म्हणून राहतो. रागावू नका, पण हे मी बऱ्याच घरांतून पाहिले आहे.

काठीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे दहांतले आठ लोक ती चुकीच्या हातात धरतात. उजवा खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. कारण समजून घेण्यास पहार आठवा. पहारीने धोंडा उलथताना टेकूपासून हात जितका लांब, तितके बळ कमी लागते. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा शरीराचा भार खुब्याच्या आतल्या बाजूला असतो आणि तो तोलून धरणारे स्नायू खुब्याच्या बाहेर, अगदी जवळ. म्हणजे पहारीचा आखूड दांडा त्यांच्या वाट्याला आलेला. म्हणून त्यांना शरीराच्या वजनाहून किती तरी जास्त ओढ लावावी लागते, आणि ही सगळी ओढ अधिक वजन मिळून खुब्यावर अडीच-तीन पट भार पडतो. उलट हातातली काठी त्या खुब्यापासून लांब टेकते. दांडा लांब झाला. मग हाताने थोडासा जोर दिला तरी खुब्यावरचा मोठा भार हलका होतो. दुखऱ्या बाजूच्याच हातात काठी धरली की हा फायदा बहुतांशी बुडतो आणि माणूस त्या अंगाला कलंडत चालतो. आणखी एक. काठी धरायला आपल्या लोकांना लाज वाटते. तालमीत गेलेल्या म्हाताऱ्यांना तर फारच. खासबागेच्या मैदानात ज्यांनी कुस्त्या मारल्या त्यांनी काठी कशी धरायची! कोल्हापूरच्या पैलवानांचे गुडघे हा खरे म्हणजे स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. डाव चुकून गुडघा मुरगळतो, आतली दोरी तुटते, वस्ताद चोळून देतात, पोरगा पंधरा दिवसांत पुन्हा मातीत उतरतो आणि चाळिशीत त्याच गुडघ्याला म्हातारपण येते.

निर्गुडीच्या पाल्याने शेकणे, तेलाने हलके चोळणे याला माझी हरकत नाही, बरे वाटते. मोडलेल्या किंवा सुजलेल्या सांध्यावर जोराने चोळू मात्र नये. माझी खरी हरकत आहे ती पुड्यांना. बाजारात, जत्रेत, कोठल्याशा गावच्या ‘नामांकित’ औषधवाल्याकडे वाताच्या पुड्या मिळतात. वर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेले नाही. घेतली की तिसऱ्या दिवशी म्हातारी टुणटुणीत. गावभर डांगोरा. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. तेच औषध जाणत्या डॉक्टरच्या हाती प्राण वाचवते. पण महिनोन्महिने मापाशिवाय पोटात गेले की चेहरा सुजून गोल होतो, रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे खुब्यातल्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरते. मेलेले हाड भाराखाली चेपते. गुडघ्यासाठी घेतलेल्या पुडीने खुबा जातो, तो असा. दारूनेही हेच होते. तिशी-पस्तिशीचे तरुण खुबे धरून बसलेले दिसतात त्यांतल्या पुष्कळांमागे ही दोन कारणे असतात. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही वर्षानुवर्षे चालू ठेवल्या तर जठर आणि मूत्रपिंड यांना भोवतात.

आमच्या वाडीतल्या एका आजींनी अशा पुड्या तीन वर्षे घेतल्या. नंतर एका श्रावणात गोठ्याच्या ओल्या फरशीवर पाय सरकला आणि खुब्याजवळ हाड मोडले. घरच्यांनी हाडवैद्याकडून पाला बांधून घेतला आणि अंथरुणावर ठेवले. अंथरुणावरून त्या उठल्या नाहीत. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे हे हात मोडण्यासारखे नव्हे. पडून राहिले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून शक्य तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून माणसाला उभे करणे हाच यावरचा उपचार आहे. पडल्यावर पाय आखूड दिसतो, बाहेर वळलेला असतो, आणि तो उचलता येत नाही. ही खूण दिसली की चोळत बसू नका, गाडी बोलवा. कोल्हापूर येथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. जुनी माणसे ज्याला थोरला दवाखाना म्हणतात ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय तेथे आहे.

आता सांधा बदलण्याविषयी. ही कल्पना आजची नाही. बर्लिनमध्ये ग्लुक नावाच्या शल्यवैद्याने १८९० साली हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला होता. त्याचे रोगी क्षयाचे होते, सांध्यात पू झाला आणि प्रयोग फसला. पुढे काच, ॲक्रिलिक, निरनिराळे धातू, असे बरेच काही झाले. परंतु ज्याला खरे श्रेय द्यावयास हवे तो इंग्लंडमधील लँकेशायरचा जॉन चार्नली. त्याची गोष्ट मला फार आवडते. त्याच्याकडे एक रोगी आला होता. त्याच्या खुब्यात ॲक्रिलिकचा चेंडू बसवलेला, आणि तो पुढे वाकला की सांधा करकर वाजे; इतका, की त्याची बायको त्याच्याजवळ बसेना. हसण्यासारखीच गोष्ट. पण चार्नलीने तीवर विचार केला. आवाज येतो म्हणजे घर्षण होते. घर्षण होते म्हणजे सांधा सैल होणार. मग कमी घर्षणाचा सांधा हा त्याने ध्यास घेतला. चेंडू मुद्दाम लहान केला, जेमतेम बावीस मिलिमीटरचा, पोलादी. वाटी टेफ्लॉनची, म्हणजे आज आपल्या तव्यांना जो मुलामा असतो त्याची. हाडात सांधा पक्का बसवण्यासाठी दातांच्या कवळ्या ज्या जातीच्या द्रव्याच्या करतात ते वापरले. पहिली काही वर्षे रोगी आनंदाने चालले आणि मग टेफ्लॉन झिजू लागला. झिजेचा भुगा मांसात साठून गाठी झाल्या. सुमारे तीनशे माणसांना त्याने हा सांधा बसवला होता. त्याने ते लपवले नाही. एकेकाला बोलावून स्वतःच्या हाताने ते सांधे काढले. द्रव्य अंगाला मानवते की नाही हे पाहण्यासाठी त्याने ते स्वतःच्या मांडीतही घालून घेतले होते.

यानंतरचा भाग इचलकरंजीकरांनी विशेष कान देऊन ऐकावा. १९६२ साली एक विक्रेता चार्नलीच्या प्रयोगशाळेत एक घट्ट प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. मागांची दातेरी चाके करण्यासाठी हे नवे पॉलिथिन वापरीत. चार्नलीने तुकड्याला नख लावून पाहिले आणि यात वेळ घालवू नको असे आपल्या तंत्रज्ञाला सांगून परगावी निघून गेला. हॅरी क्रेव्हन नावाच्या त्या तंत्रज्ञाने ऐकले नाही. त्याने तुकडा झिजवण्याच्या यंत्रावर चढवला. चार्नली परत आला तेव्हा यंत्र तीन आठवडे अखंड चालले होते, आणि टेफ्लॉन एका दिवसात जितका झिजे तितकाही हा तुकडा झिजला नव्हता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॉलिथिनची वाटी असलेला पहिला खुबा बसवला गेला. मागाच्या चाकाने माणसाला चालते केले. पुढे चार्नली आपल्या रोग्यांकडून संमती घेऊन ठेवी, की मरणानंतर हा सांधा मला तपासायला परत मिळावा. पुष्कळांनी ती दिली.

गुडघ्याचे काम अवघड होते, कारण तो नुसता दुमडत नाही, थोडा फिरतो आणि सरकतोही. १९७० नंतरच्या काही वर्षांत न्यूयॉर्कच्या रुग्णालयात ज्यांनी आजच्या गुडघ्याचा नमुना सिद्ध केला त्यांत आपले डॉ. चित्तरंजन राणावत होते. त्यांनीच २००० सालच्या ऑक्टोबरात मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला आणि २००१ च्या जूनमध्ये उजवा. गुडघा बदलता येतो ही वार्ता आमच्या वाडीवस्तीपर्यंत पोचली ती तेव्हा. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय माणसाची हाडे व बसण्याची रीत लक्षात घेऊन देशी बनावटीचा गुडघा तयार केला, हेही येथे नोंदले पाहिजे.

‘गुडघा बदलणे’ हा शब्द मात्र थोडा भीतिदायक आहे. अख्खा गुडघा काढून टाकीत नाहीत. किडक्या दातावर टोपी बसवतात तसे हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर छाटून मांडीच्या हाडावर धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये पॉलिथिनची चकती बसवतात. वाकलेला पाय त्याच वेळी सरळ करतात. दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, रोग्याला उभे करतात. मग खरी परीक्षा. गुडघा वाकवण्याचा व्यायाम दुखतो, आणि तो केला नाही तर सांधा आखडतो. दीड-दोन महिने घरातले कोणी तरी पाठीशी लागावे लागते. परदेशांतील नोंदींवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ आणि शंभर खुब्यांपैकी सुमारे ५८ पंचवीस वर्षांनंतरही टिकून होते. हे फार मोठे यश आहे. त्याबरोबर दुसरा आकडाही ऐकून ठेवा: गुडघा बदललेल्या पाचांतला एक माणूस पुरता समाधानी नसतो. नव्या गुडघ्यावर चालता येते, जिना चढता येतो, देवळात जाता येते. पण लावणीला चिखलात उतरण्यासाठी किंवा उकिडवे बसण्यासाठी तो केलेला नाही. हे आधी सांगितले नाही म्हणजे मागाहून रुसवे होतात. खुबा बदललेल्या माणसाने फार खाली बसू नये, विशेषतः आरंभीच्या महिन्यांत, नाहीतर चेंडू वाटीतून निखळू शकतो.

सर्वांत मोठी धास्ती जंतूंची. नव्या सांध्यात पू झाला तर तो काढून पुन्हा सगळे करावे लागते. म्हणून आधी साखर ताब्यात हवी, दातांची कीड काढलेली हवी, आणि आमच्या भागातल्या माणसांनी पायांच्या बोटांतल्या चिखल्या पूर्ण बऱ्या केलेल्या हव्यात. पावसाळ्यात बेचक्यांत चिखल्या घेऊन शस्त्रक्रियेला जाणे म्हणजे शत्रूला दार उघडून देणे. लावणी आटोपून, पाय कोरडे आणि स्वच्छ करून दिवाळीनंतर गेलेले चांगले.

मग शस्त्रक्रिया केव्हा? फोटोत झीज किती यावरून हे ठरत नाही. रात्री दुखण्याने झोप मोडते, घरातल्या घरात चालणे नको होते, व्यायाम-वजन-काठी-गोळ्या हे सगळे प्रामाणिकपणे करूनही गुण येत नाही, तेव्हा. त्याआधी घाई नको. गावातल्या एका शेतकऱ्याने आईचे दोन्ही गुडघे बदलायचे म्हणून म्हैस विकायला काढली होती. एका डॉक्टरांनी तीन महिने व्यायाम आणि वजन उतरवणे एवढेच लिहून दिले. ती बाई आज काठी घेऊन डेअरीला दूध घालायला जाते, त्याच म्हशीचे. उलट, फार उशीरही नको. पाय अतिशय वाकडे झाले, स्नायू वाळले, की उत्तम शस्त्रक्रियेचाही लाभ अर्धा होतो. आणि उशीर बहुधा बाईच्याच बाबतीत होतो. बाप लंगडू लागला की महिन्यात दवाखाना होतो. आई लंगडते ती मुलीचे लग्न होऊ दे, सुगी होऊ दे, सुनेचे बाळंतपण होऊ दे, असे म्हणत आठ-दहा वर्षे लंगडते. तिला विचारले तर ती “मला काय हुतंय” म्हणणारच. तिच्या या उत्तरावर विश्वास ठेवू नका. ती पाणी कमी पिते का, ते पाहा. रात्री उठून बाहेर जाण्याच्या भीतीने कितीतरी बाया संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत.

खर्चाचे म्हणाल तर पूर्वीपेक्षा वाट सोपी झाली आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या औषध दर प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमती बांधून दिल्या. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा सरासरी दीड लाखाच्या वर छापील किमतीने विकला जाई, त्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. अर्थात ही नुसती सांध्याची किंमत. खाट, भूल, शल्यवैद्य यांचे पैसे निराळे. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२० पासून गुडघा आणि खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियांचा समावेश झाला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. डॉक्टरांना भेटण्याआधी शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन त्याला गाठावे, आपली शस्त्रक्रिया तेथे योजनेत होते का, कोणती मंजुरी लागते, हे विचारावे. सावकाराकडे जाण्याआधी या माणसाकडे जावे.

डॉक्टरांनाही प्रश्न विचारावेत. चांगला डॉक्टर रागावत नाही. मला शस्त्रक्रियेशिवाय आणखी काय करता येईल, एकच गुडघा करायचा की दोन्ही, कोणत्या धातूचा सांधा घालणार आणि तोच का, असे साधे प्रश्न. ‘नवा’ आणि ‘परदेशी’ एवढ्या दोन शब्दांवर भुलू नये. २०१० सालच्या ऑगस्टमध्ये डीप्यु कंपनीने आपला ‘एएसआर’ नावाचा खुबा साऱ्या जगातून परत घेतला. त्यात चेंडूही धातूचा आणि वाटीही धातूची. घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात जात आणि भोवतालचे मांस बिघडे. नवा म्हणून, तरुण माणसांना अधिक काळ टिकेल म्हणून तो मोठ्या विश्वासाने वापरला गेला होता. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवलेले होते. पुढे केंद्र सरकारने समिती नेमली, भरपाईचा विचार झाला; पण ज्यांच्या अंगात हा सांधा होता त्यांच्यापैकी पुष्कळांचा मागच लागेना. आपल्या खुब्यात कोणत्या नावाचे काय आहे हे त्यांच्या घरी लिहिलेले नव्हते.

प्रत्येक सांध्याच्या डब्याबरोबर त्याचे नाव, माप आणि क्रमांक छापलेली चिकटपट्टी येते. ती रुग्णालय आपल्या कागदांत लावते. घरी जाण्याच्या दिवशी तिची एक प्रत मागून घ्यावी, शस्त्रक्रियेची तारीख व डॉक्टरांचे नाव तीवर लिहून घ्यावे, आणि घरातल्या ट्रंकेत जेथे सातबाऱ्याचे उतारे असतात तेथेच ती ठेवावी.